घागरीवरचा ठोका

सेतुगृहाच्या पडद्यावर एका ढालीच्या दोन ढाली झाल्या, तेव्हा डॉ. नफीसा मुजावर यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ढाली दोनच होत्या. एक नभोदुर्ग या खेळविश्वात आणि तीच दुसरी, तिथून कोसो दूर असलेल्या जलनगरीत.

मकरंद करडेने कपाळावरची शिरपट्टी उतरवली. नभोदुर्गात शिरून ढाल त्यानेच पाठवली होती आणि हा तमाशा दाखवण्यासाठी ढालीपुरता 'एका वेळी एकच जागा' हा नियम बंद ठेवला होता. मुजावरबाई परीक्षक होत्या. त्यांनी होकार दिला की मकरंदने बांधलेल्या सेतूने सगळी खेळविश्वे आजच एकमेकांना जोडली जाणार होती.

"प्रत्येक विश्वाचं यंत्र वेगळं," तो म्हणाला. "इथून निघालेली वस्तू तिथे पोचली, तरी इथल्या यंत्राला ते कळायला जरा उशीर होतो. तेवढ्यात एकाचे दोन होतात. ढालीचे झाले तर बाजार बुडतो. माणसाचे झाले तर खरा कोण हेच कळेनासं होतं."

"म्हणून तुमचा एकस्थान-नियम."

"हो. एक अंगठा, एक खातं, एका वेळी एकच जागा. अंगठा नव्या जागी उमटला की त्याला जुन्या जागेवरून आधी उठवायचं, मगच नवं दार उघडायचं. एका अंगठ्याची सगळ्या विश्वांतली खाती आम्ही सोमवारीच एकत्र केली. देह मात्र ज्या त्या विश्वातच राहतो. माणूस जिथे जाईल तिथला देह अंगावर चढवतो, तिथे नसला तर पाहुण्याचा मिळतो."

"दुसऱ्याचा अंगठा घेऊन कोणी शिरलं तर?"

"नवी पट्टी मेंदूची लयही तपासते. फक्त जुन्या खातेदारांना सूट आहे, त्यांच्या पट्ट्या जुन्या. खातं उघडताना घेतलेला अंगठाच त्यांत साठवलेला असतो."

"आणि चुकून दोन माणसं एका खात्यात आली, तर वेगळी करता येतील?"

"नाही. खातं फोडायची सोय ठेवली की लबाड लोक ते फोडणारच. म्हणून ती सोयच ठेवली नाही." मकरंद हसला. "अंगठा चुकत नाही, बाई."

स्वतःच्या हुशारीवर इतका भरवसा असलेला माणूस समोर असला की ऐकणाऱ्याला उगाच काळजी वाटू लागते. मुजावरबाईंनाही वाटली असावी, पण त्यांना बोट ठेवायला जागा सापडेना.

तेवढ्यात सासवडहून त्याच्या बहिणीचा, रेवतीचा फोन आला.

"दादा, अण्णांची पट्टी आत्ता परत मध्येच बंद पडली. सोमवारपासून सारखं चाललंय. डोळे उघडून नुसते छताकडे बघत राहतात रे. बघवत नाही."

"जुनी पट्टी आहे, रेवा. परत चालू कर, होईल. आणि त्यांना कळव, आज मी येतोय. त्यांच्याकडे, आत."

अण्णा म्हणजे मकरंदचे वडील. जातिवंत तांबट. तांब्याच्या घागरीवर हातोडीने एकसारखे ठोके देत जायचं, त्याला मठारकाम म्हणतात. अण्णांच्या घागरीवर प्रत्येक ठोका शेजारच्याला चिकटून, पंगतीतल्या पानांसारखा बसायचा. मकरंदचा एकही ठोका कधी सरळ पडला नाही. "मक्या, तू आपला शीक," म्हणत अण्णांनी त्याला शाळेत पिटाळलं, ते बरंच झालं.

मग अर्धांगाचा झटका आला. कान गेले, वाचा गेली, हातपाय गेले. शिरपट्टी लावली की मात्र अण्णा कासारपेठेत चालत, बोलत, हातोडी धरत. हे खेळविश्व जुनं आणि लहानसं होतं, यंत्र भरल्यामुळे नव्या माणसाला तिथे खातं मिळत नसे. अण्णा तिथून दोन-चार ओळी पाठवत, त्या रेवतीच्या पडद्यावर उमटत. मकरंद सासवडला क्वचितच जाई. पलंगाशी बसून त्या पडून राहिलेल्या हाताकडे बघणं त्याला झेपत नसे. तो भित्रा होता, दुसरं काय म्हणायचं? अण्णांनीच त्याला पळवाट दिली. "मक्याला सांग, भेटायचं तर इथे ये. तिथे मी ओंडका आहे."

सेतू का बांधला, याची व्यापारी कारणं मकरंदने सभांमधून पुष्कळ सांगितली होती. खरं कारण ही ओळ होती. आणि आता डॉक्टर म्हणत होते की अण्णांचे फार दिवस उरलेले नाहीत.

दुपारी मुजावरबाईंनी होकार दिला. सेतूवरून जाणारा पहिला प्रवासी मकरंदच होता. त्याने पट्टी बांधली, अंगठा टेकवला आणि कासारपेठेचं दार निवडलं.

तो एका दुकानात बसलेला होता. पुढ्यात अर्धी मठारलेली घागर, शेजारी चहाचे दोन पेले, पाहुण्यासाठी झटकून घातलेली सतरंजी. अण्णा कुठे दिसेनात. आत गेले असतील म्हणून तो थांबला. हातात हातोडी होती, राहवेना, म्हणून त्याने घागरीवर एक ठोका टाकला. तो वाकडा पडला.

समोरची भांडेवाली म्हणाली, "काय हो अण्णा, आला का मुलगा? सकाळधरनं वाट बघताय."

अण्णा मागून आले असतील म्हणून मकरंदने वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. मग त्याने खाली, हातोडी धरलेल्या हाताकडे पाहिलं. नखांत तांब्याचा काळा मळ होता आणि तर्जनी लहानपणी मोडलेली, बाहेर वळलेली होती. ते हात अण्णांचे होते.

इस्पितळातली ती खिडकी त्याला आठवली. अण्णांचं खातं उघडायचं होतं, आणि जन्मभर तांबं हाताळून गुळगुळीत झालेला त्यांचा अंगठा यंत्रावर काही केल्या उमटत नव्हता. मागे रांग खोळंबली होती. खिडकीतला माणूस वैतागून म्हणाला, "तुमचा लावा हो, घरचेच ना?" मकरंदने लावला. कोण लावत नाही? आईच्या गॅसला, मावशीच्या फोनला, ज्याचा उमटेल त्याचा अंगठा लावून आपण मोकळे होतो. त्यानंतर ती गोष्ट तो साफ विसरून गेला.

एक अंगठा, एका वेळी एकच जागा. मग आत्ता अण्णा कुठे होते? सासवडला, पलंगावर, छताकडे बघत. आणि सोमवारपासून चाचणीसाठी तो ज्या ज्या वेळी ज्या कुठल्या विश्वात शिरला, त्या त्या वेळी अण्णांना त्यानेच हाताला धरून दुकानातून उठवलं होतं. पट्टी एकदाही बिघडलेली नव्हती.

त्याने कपाळावरची पट्टी ओरबाडून काढली.

मुजावरबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "त्यांचा अंगठा नव्याने घेता येईल?"

"उमटतच नाही."

"खातं फोडायचं?"

"ती सोयच मी ठेवली नाही, बाई."

"मग तुम्ही काय करणार?"

"अण्णा आहेत तोवर मी कुठल्याच विश्वात पाय ठेवणार नाही. दुसरं काय करू? त्यांना भेटायला म्हणून मी हे सगळं बांधलं, बाई. जगातला कोणीही जाऊन त्यांच्या दुकानात बसू शकतो. मी तेवढा नाही."

संध्याकाळी रेवतीचा फोन आला. अण्णा परत कासारपेठेत पोचले होते आणि पडद्यावर त्यांच्या ओळी आल्या होत्या. तिने वाचून दाखवल्या.

"मक्या येऊन गेला. घागरीवर त्याचा ठोका आहे. असा वाकडा दुसऱ्या कोणाचा पडायचा नाही. मला न भेटता का गेला, विचार त्याला."

मकरंदने गाडीची किल्ली उचलली.

"दादा, काय लिहू?"

"लिही, मी सासवडला येतोय. आत्ता निघतो. त्यांची पट्टी काढून ठेव, मी त्यांच्याजवळ बसतो."

"अरे, पण पट्टी काढू नको म्हणालेत ते," रेवती म्हणाली. "पुढे लिहिलंय त्यांनी. तू परत आलास आणि पुन्हा चुकामूक झाली तर? म्हणून आता दुकानातून हलणार नाहीत म्हणे. तुझा चहा झाकून ठेवलाय."