बेडूकराव कुणाचे?

"खालून दुसरी ओळ वाचा."

"त्या खोक्यात काय आहे?"

चष्म्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत बसून लोक काय काय वाचतात, याचा तिला दांडगा अनुभव होता. कुणी ओळी पाठ करून यायचं, कुणी अंदाजपंचे ठोकून द्यायचं. पण समोरचा तक्ता सोडून टेबलाखालच्या चपलांच्या खोक्यात डोकावणारं गिऱ्हाईक तिला आज पहिल्यांदाच भेटत होतं.

"तक्ता समोर आहे," ती म्हणाली.

"तक्ता धूसर दिसतोय. खोकं स्वच्छ दिसतंय. ती वायर लोंबतेय ना... टीव्हीवर खेळायच्या गेमची आहे. चौकोनी बटणांची, हो ना?"

तिने त्याच्या नाकावरच्या जड फ्रेममध्ये दुसरी काच सरकवली आणि वाकून विचारलं, "आता बरं की मघाशी?"

"मघाशी."

"नीट बघून सांगा."

"खरं सांगू? तुम्ही जवळ आलात की सगळंच बरं दिसतं—" आणि मग स्वतःच्याच बोलण्याला घाबरून, "म्हणजे जवळचं! लांबचं दिसत नाही म्हणून तर आलोय..."

खोलीत अंधार होता म्हणून बरं, नाहीतर त्याचे लाल झालेले कान आणि तिचं दाबलेलं हसू, दोन्ही उघडं पडलं असतं. तो निघाला वरच्याच मजल्यावरचा. जुनी मशिनं दुरुस्त करणारा. त्याच्या दुकानातला तापलेल्या कथलाचा वास रोज जिन्यावरून खाली यायचा आणि ती रोज नाक मुरडून दार लावून घ्यायची.

वास कुणाचा हे कळल्यावर मात्र तिने खोकं टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. तिची आई शिवणकाम करायची. पडदे, अभ्रे, शाळेचे गणवेश. न्हाणीघरात पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण बोटं लाकडासारखी ताठ राहिली. फिजिओवाल्या बाईंनी पिळायला रबरी चेंडू दिला, तो आईने शेजारच्यांच्या कुत्र्याला देऊन टाकला. "आता बोटं हलली नाहीत तर कायमची आखडतील," असं बाई बजावून गेल्या आणि आई शिवणयंत्रावर चादर टाकून मोकळी झाली.

"तिला तहानभूक विसरून एकच गोष्ट करताना बघितलंय मी," ती म्हणाली. "बेडूकराव खेळताना."

"बेडूकराव?"

"गेम हो. हिरवा बेडूक. पावसात छपरांवरून उड्या मारतो. मी शाळेतून यायचे तेव्हा आई-बाबा टीव्हीसमोर मांडी घालून बसलेले असायचे. बाबा सारखे हरायचे... ते गेले आणि हे खोकं माळ्यावर गेलं. काल काढलं तर मशीन मेलेलं. तुम्ही तो गेम नेटवरून उतरवून लॅपटॉपवर लावून द्या ना. काहीतरी असतं ना तसं?"

"एम्युलेटर. नव्या कॉम्प्युटरकडून जुन्या मशीनचं सोंग वठवून घ्यायचं. सोंगाला कुणाची ना नसते. पण आत जो गेम घालायचा, तो कुणाच्या तरी मालकीचा असतो. तो असा उचलून आणत नाही मी."

"अहो, इतका जुना गेम! कोण विचारतंय?"

"कुणीच विचारत नाही ना... म्हणून मी विचारतो."

'नियमबाबू!' तिने मनातल्या मनात त्याचं बारसं करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती खोकं घेऊन जिना चढली. त्याच्या टेबलावर भिंगाचा दिवा होता आणि पोट उघडून पडलेली मशिनं. तिने खोक्यातली गेमची कॅसेट समोर आपटली. "ही घ्या. बाबांनी दुकानातून विकत आणलेली. आता तरी चालेल ना, की हिचीही परवानगी काढायची?"

त्याने स्क्रू काढले. एवढ्या मोठ्या डबीत आत नखाएवढी पट्टी आणि तिच्यावर काळ्या लाखेसारखा ठिपका. वर लेबल नाही, गेमचं नाव नाही. त्याने पट्टी भिंगाखाली धरून उलटसुलट करून पाहिली.

"बोला की."

"ही मूळ कॅसेट नाही. कुणीतरी नक्कल करून विकलेली. म्हणजे... कॅसेटच चोरीची आहे."

"माझ्या बाबांना चोर म्हणताय?"

"नाही, नाही! त्यांना काय माहीत? तेव्हा सगळीकडे हेच मिळायचं. माझ्या घरीही हेच होतं, आणि मीही—"

"चष्मा शुक्रवारी मिळेल," ती खोकं उचलत म्हणाली. "तोवर दिसेल तसं बघा!" आणि पायऱ्या दणादणा वाजवत खाली गेली.

शुक्रवारी बाहेर सरींवर सरी येत होत्या. एका मजल्याच्या जिन्यात माणूस भिजत नाही, पण हा चिंब भिजून आला. बहुतेक आत यायचं धैर्य गोळा करत बाहेर फुटपाथवर उभा असावा. तिने मुकाट्याने चष्मा त्याच्या कानामागे बसवला. केसांतून ओघळलेला थेंब तिच्या बोटावर पडला.

"घट्ट होतोय?"

"...नाही."

"मग श्वास घ्या."

त्याने घेतला. मग म्हणाला, "तुमच्या आईंना भेटू का? गेमचं खरं नाव कळल्याशिवाय त्याचा मालक शोधायचा कसा?"

एवढं अबोला धरून, खालीवर पाय आपटून झालं, आणि हा माणूस अजून बेडूकरावांच्याच काळजीत! तिचा राग तिथल्या तिथे विरघळला.

आईने त्याला दारातच आपादमस्तक न्याहाळलं. "चष्मा आपल्याच दुकानातला दिसतोय. शोभतोय." मग ती खुर्चीत सरसावून बसली आणि गेमचं इत्थंभूत वर्णन करू लागली. बेडूक छपरावरून उडी मारतो, कंदील पेटवतो, वारा आला की कंदील विझतो...

"एक विचारू?" तो हळूच म्हणाला. "बेडूक कंदील कशाला पेटवेल?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत हा प्रश्न घरात कुणाला पडलाच नव्हता.

"असेल त्याची हौस," आई म्हणाली. "आणि उडी मारताना असं बटण..." तिने उजवा अंगठा टेबलावर टेकवला. तो थरथरला आणि जागच्या जागी अडला. आईने हात पटकन मांडीखाली घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागली.

दोन-तीन संध्याकाळी शोधाशोध करून त्याने गेमचा छडा लावला. तो हिरवा बेडूक बेडूक नव्हताच. हिरवा रेनकोट घालून गावातले दिवे लावत फिरणारा माणूस होता.

"तुमचा असेल माणूस," आई ठणकावून म्हणाली. "आमचा बेडूकच!"

एका नवरा-बायकोने मिळून तो गेम केला होता. त्यांची कंपनी केव्हाच बंद पडली होती, नवरा गेला होता, बाई हयात होत्या. बाजारात तो गेम कुठेच रीतसर मिळत नव्हता. त्याने बाईंना ईमेल केली आणि उत्तर येईपर्यंत रोज दुकान बंद झालं की तो आईसाठी दुसरे गेम घेऊन येऊ लागला. कुठे मूळ कंपनीनेच जुने गेम एकत्र करून पुन्हा विकायला काढलेले, कुठे बनवणाऱ्यानेच 'खुशाल खेळा' म्हणून वाटलेले. सगळे सरळ मार्गाचे. आणि आई एकेकाला नापास करत होती. याचं नाक मोठं. हा फार पळतो. याच्यात पाऊसच नाही!

पुढचा गेम शोधत सोफ्यावर एकाच लॅपटॉपवर त्याचं आणि लेकीचं डोकं वाकलेलं असायचं आणि चहा निवून जायचा. दुकानातलं दार तिने आता लावणं सोडलं होतं. संध्याकाळ झाली की कथलाचा वास कमी होण्याची ती वाट बघायची, म्हणजे तो काम आवरून निघाला असं समजायचं. उत्तर मात्र येत नव्हतं.

मग एक दिवस फिजिओवाल्या बाई आईची बोटं बघून नकारार्थी मान हलवून गेल्या. दुसऱ्या दिवशी ती तडक त्याच्या दुकानात गेली आणि मोबाइल त्याच्या भिंगाच्या दिव्याखाली धरला.

"हा बघा तुमचा दिवेवाला. नेटवर पडलाय. एका बोटाचं काम आहे. तिकडे आईची पाचही बोटं जातायत आणि आपण उत्तराची वाट बघत बसलोय!"

त्याने हातातला पेचकस खाली ठेवला. "दाबा," शेवटी म्हणाला. "आईंच्या हातापुढे माझा हट्ट मोठा नाही. फक्त... मी जरा बाहेर उभा राहतो."

"का पण? एवढं काय आहे त्यात?"

"कॉलेजात असताना मी एक गेम केला होता. गोगलगाईचा. हसू नका. दोन पावसाळे घालवले त्यात. सीडी करून विकायला ठेवला. काही महिन्यांनी फुटपाथवर तोच दिसला... पहिल्या पानावर माझं नाव होतं, तिथे दुसऱ्याचं. मी विकत घेतला तो. स्वतःचाच!" तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर टिकलं नाही. "त्यानंतर एकही केला नाही."

तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. त्याचा हात धरावासा वाटला, पण हातात कॅसेटचं खोकं असल्यासारखी ती नुसतीच उभी राहिली.

"रविवारपर्यंत थांबते," ती म्हणाली. "मग मात्र दाबणार."

रविवारी तो आला तेव्हा दाढी वाढलेली होती आणि डोळे लाल होते. पिशवीतून त्याने दोन कंट्रोलर काढले. तिचेच, खोक्यातले, मध्ये मागून नेऊन दुरुस्त केलेले. लॅपटॉपला जोडले. पडद्यावर निळा-काळा पाऊस पडू लागला, तळ्यात पानं डुलू लागली आणि एका पानावर हिरवंगार, गुबगुबीत काहीतरी बसलेलं दिसलं.

"हा कुणाचा?" तिने विचारलं.

"माझा. म्हणजे... आत्ताच केलाय. छपरं नाहीत, कंदील नाहीत. ती त्यांची आहेत. हा नुसता पावसात भिजत पानांवरून उड्या मारतो. पण बेडूकच आहे हो. अस्सल!"

ती त्याच्याकडे बघतच राहिली. ज्याने पुन्हा कधी गेम करायचा नाही असं ठरवलं होतं, त्याने तिच्या आईसाठी बेडूक केला होता.

आईने पडद्याकडे निरखून पाहिलं. "डोळे जरा बटबटीत आहेत," म्हणाली. पण कंट्रोलर घेतला. डाव्या हाताने धरला, उजवा अंगठा बटणावर कसाबसा टेकवला. बेडूक पाण्यात पडला, डुबुक. पुन्हा पडला. तिसऱ्यांदाही पडला तेव्हा आईचं टाळकं सरकलं. "अरे मेल्या, उडी मार की!" आणि त्या भरात अंगठा वाकला. थोडासाच, पण वाकला. बेडूक पलीकडच्या पानावर टप्पकन बसला.

लेकीने पाणी आणायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"एकटी खेळणारी नाही मी," मागून आईचा आवाज आला. "तुम्ही घ्या तो दुसरा."

ज्याने तो बेडूक जन्माला घातला, त्याचाच बेडूक आईपुढे पाण्यात पडू लागला. एकदा पडला, पुन्हा पडला, भलत्याच सोप्या उडीला पडला. ती पाण्याचा पेला घेऊन दारातच थबकली. बाबांची पाठ अशीच दिसायची. असेच खांदे पाडून ते म्हणायचे, "हरलो बुवा."

"हिचे बाबाही असेच हरायचे," आई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "मला कळायचं बरं का." तेवढ्यात त्याचा बेडूक पुन्हा डुबुक. आई लेकीकडे वळली. "याला काही शिकवायला नको."

आईच्या बोटांना वेळ लागला. पण रोज संध्याकाळी तळ्यात पाऊस पडत राहिला आणि एका सकाळी शिवणयंत्रावरची चादर निघाली.

त्याच आठवड्यात तो पुन्हा अंधाऱ्या खोलीत येऊन बसला. "नंबर वाढलाय बहुतेक."

एवढ्यात नंबर वाढत नसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली.

"गेमवाल्या बाईंचं उत्तर आलं," तो म्हणाला. "खुशाल खेळा म्हणतात. पुढे लिहिलंय, चित्रं नवऱ्याची होती. तो हयात असेपर्यंत मी त्याला सांगत राहिले, अरे बाबा, हा माणूस बेडूक दिसतोय. त्याने कधी ऐकलं नाही. तुमच्या मैत्रिणीच्या आईंना माझा नमस्कार सांगा."

ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "आईला सांगायला नको. डोक्यावर बसेल!" मग जरा थांबून म्हणाली, "तुमच्या बेडकाच्या पहिल्या पानावर नाव का नाही? जागा तर सोडलीये."

"एकट्याचं घालवेना. आईंनी त्याचे डोळे बदलून घेतले. पावसाचा नवा निळा रंग तुम्ही निवडलात..."

"मग?"

"मग... दोन नावं घालावीत म्हणतो. शेजारी शेजारी. फक्त गेमवरच नाही—" त्याने खोल श्वास घेतला. "विचारल्याशिवाय मी कुणाचं काही घेत नाही, माहीत आहे ना. म्हणून विचारतोय."

वरून कथलाचा वास येत नव्हता. तो इथेच, अगदी जवळ, त्याच्या शर्टाला येत होता. तिने एक काच उचलली, फ्रेममध्ये सरकवली आणि वाकून विचारलं, "आता बरं की मघाशी?"

"आता."

"नीट बघून सांग."

त्याने काचेआडून तिच्याकडे पाहिलं. तक्त्याकडे नाही. "आता," तो म्हणाला. "...म्हणजे तू हो म्हणालीस?"

"परवानगी दिली," ती म्हणाली. "लेखी हवी असेल तर आईकडे ये. तिचा हात आता चालतोय."