हुंकार देणारी

सिडकोतल्या त्या फ्लॅटात दिवेलागणीला दोन गोष्टी हमखास व्हायच्या. कुकरची शिट्टी, आणि पाचोडहून आईचा फोन. सोनिया मेथी निवडायला घ्यायची आणि फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवायची. मग आवडाबाईंचं सुरू व्हायचं. म्हशीनं दूध चोरलं, बाजारात शेपू मिळाली नाही, शेजारच्या रामकिसनची सून भांडून माहेरी गेली. नवरा गेल्यापासून बाई घरात एकटी. बोलणार तरी कुणाशी? भिंतीशी?

त्यांची अट एकच, बोलणाऱ्याला हुंकार पाहिजे. सोनिया लहान असताना गोष्ट सांगायच्या तेव्हाही बजावायच्या, "हं म्हण गं. आपल्या माणसानं हुंकार नाय दिला, तर दुसरंच कुणीतरी देतं." लेकरू घाबरून हं-हं करतच झोपी जायचं.

आता लेकरू मोठं झालं होतं, शहाणं झालं होतं! दिवसभर ऑफिसात कानाला हेडफोन, घरी आलं की रील. एकदा तिनं हळूच म्यूटचं बटण दाबून पाहिलं. आई बोलतच राहिली. तिला काय, मन मोकळं करायचंय, अशी सोनियानं स्वतःची समजूत घातली आणि मग ते रोजचंच होऊन बसलं. लाज वाटायची, नाही असं नाही. पण सवयीपुढं लाज किती दिवस टिकणार?

त्या गुरुवारी कुकर उतरवताना तिच्या कानावर आलं, "बरं झालं बाई, तू सांगितलंस. मला सुचलंच नसतं."

कुणी आलंय वाटतं आईकडं, असं ती मनाशी म्हणते न म्हणते तोच फोनमधून अगदी हलका आवाज आला.

"हं."

सोनियाचाच आवाज. इतक्या मायेनं ती स्वतः कधी बोलली होती, आठवत नव्हतं. ओले हात ओढणीला पुसत तिनं फोन उचलला. म्यूट लागलेलंच होतं.

"मग काय झालं, आई?" फोनमधली ती विचारत होती.

"काय व्हायचंय? किती दिस फोनवरच बोलायचं गं सोने? एकदा येऊन जा की."

"आलेच आहे... कडी काढ."

सोनियानं झटकन म्यूट काढलं. "आई! उघडू नको! ती मी नाही!"

पलीकडून नुसते श्वास... आणि ते एकट्या आईचे नव्हते.

"आता मधीच कोण बोलतंय?"

"मी सोनी, आई! खरी सोनी!"

"आवाज तर तसाच हाय..." आवडाबाई दबक्या आवाजात म्हणाल्या. "मग रोज मला हुंकार देती, ती कोण?"

खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "मी नव्हते, आई. मी... मी फोन मुका करून ठेवायचे."

"म्हंजी तू ऐकतच नव्हतीस?"

सोनियाला रडू फुटलं. पलीकडं पावलं वाजली, कडी खणकन पडली, आणि आईचा आवाज आला, "ये माय, ये. लई वाट बघायला लावलीस." फोन कट झाला.

पुन्हा लावला तर लाईन व्यस्त. तिनं रामकिसनला फोन केला. "काका, पळत जा, आईकडं कोण आलंय बघा!"

तो हसला. "थट्टा करती का, सोनाताई? आत्ताच तर तू घरात शिरलीस. राम राम बी घेतला नाहीस म्हाताऱ्याचा."

कृष्णा, तिचा नवरा, तेवढ्यात कामावरून आला होता. तिनं त्याला तसंच गाडीत बसवलं. वाटेवरचं आडूळ गाव मागं पडलं तरी आईची लाईन व्यस्तच. कृष्णा समजावत होता, क्रॉस कनेक्शन असेल, शेजारच्याला नीट दिसलं नसेल. सोनिया नुसती देवाचा धावा करत होती.

पाचोडला पोचले तर घराचं दार आतून लावलेलं. आतून ज्वारीच्या गरम भाकरीचा वास येत होता, आणि गोष्ट सांगतानाचा आईचा तो संथ सूर. सोनियानं दार बडवलं. दार बोटभर उघडलं. आई धडधाकट होती. तोंडावर कधी नव्हे ते समाधान होतं.

"आई..."

आवडाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. डोळ्यांत पाणी तरळलं, पण दारावरचा हात हलला नाही.

"कोण पायजे बाई तुला?"

"आई, चुकलं माझं. आत घे मला. रोज येईन, रोज ऐकेन..."

आवडाबाईंनी मान वळवून आत विचारलं, "ओळखतीस का गं हिला?"

"नाय, आई." आतून सोनियाचा आवाज आला. मग तोच आवाज जरा लाडात आला. "अहो, तुम्ही पण आलात व्हय? दमला असाल. या ना आत, बोलू."

सोनियानं मागं वळून पाहिलं. कृष्णा तिच्याकडं बघतच नव्हता. तो पायरीवर वाकून बुटांच्या नाड्या सोडत होता.