जाग्या माणसांचा हिवाळा

हिमतळ शिबिरात त्या वर्षी कोळसा आलाच नाही. इंजेक्शनं आली.

ट्रक घाट चढून आले तेव्हा पोती उतरवायला बायका धावल्या, तर आत पांढऱ्या पेट्या. दीड वर्षापूर्वी समुद्राने कोकणातले कोळीवाडे गिळले, तेव्हा सरकारला रिकामी जमीन म्हणून हिमालयातलं हे पठार सापडलं होतं. ती रिकामी का होती, हे पहिल्याच हिवाळ्यात कळलं. किनाऱ्यावरच्या सवयीने लोकांनी शेड बांधताना वारा खेळायला छपराखाली फट ठेवली होती, नाहीतर सुकटीला वास मारतो. त्या फटीतून थंडी आत आली आणि घराघरातून माणसं घेऊन गेली. चांगुणाबाई वैतींची सहा महिन्यांची नात त्यातच गेली. बाळाची आई, म्हणजे चांगुणाबाईंची लेक जयवंती, तेव्हापासून खोकत होती आणि बोलेनाशी झाली होती.

शिबिराचे डॉक्टर आठल्ये यांनी सगळ्यांना जमवून पेट्यांचं कोडं उलगडलं.

"या पठारावर मार्मोट नावाचा खारीच्या जातीचा प्राणी राहतो. हिवाळ्यात तो बिळात शिरतो, अंग गार पडू देतो, हृदयाचे ठोके मिनिटाला चार-पाचवर आणतो आणि अंगातल्या चरबीवर महिने काढतो. माणसाच्या शरीरातही ही कळ आहे, फक्त गंजलेली. हे औषध ती फिरवतं. याला आम्ही हिमनिद्रा म्हणतो. ना भूक, ना थंडीचा त्रास. डोळे मिटायचे आणि वसंतात उघडायचे."

"आन उठवनार कोन?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"ऊब लागली की शरीर आपोआप उठतं. वसंतात छपराचे पत्रे सरकतील, ऊन आत येईल."

"पत्रे आपसूक सरकतील?"

"खालून, सरकारकडून आदेश आला की."

"आन नाय आला तं?"

डॉक्टर चष्मा पुसू लागले. माणूस हुशार होता, मनाचाही चांगला. पण औषध शोधणाऱ्यांपैकी कोणी हा प्रश्न विचारला नव्हता.

"डाक्टर, होडी नांगरावर असली तरी सगली निजत नाय. समिंदर कितीबी निवांत असूं दे, येक जन जागा ऱ्हातो."

"झोपलेल्याला शिधा लागत नाही, जाग्याला रोज लागतो, चांगुणाबाई. तेवढा शिधा मला मंजूर नाही."

"मंग आमचं आमी बघू."

आणि त्यांनी बघितलं. म्हातारे, मुलं आणि आजारी यांनी निजायचं. धडधाकट माणसांनी जागं राहायचं आणि कोकणातून आणलेल्या सुकटीवर भागवायचं. जाग्यांसाठी एकच शेड ठरली. तिच्या फटी शेणामातीने लिंपल्या. कोकणातून उराशी धरून आणलेली जाळी आतून दुहेरी टांगली आणि मधल्या जागेत सुकं गवत ठासून भरलं. बाहेरून भिंतीला बर्फच रचला, कारण बर्फ वारा अडवतो हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. पठारावरच्या मेंढपाळांना सुकट देऊन जाळायला शेणी घेतल्या. मेंढपाळांना सुकटीचा वास सोसेना, तरी त्यांनी ती घेतली, शहाणी माणसं.

जयवंतीचं फुप्फुस जागेपणी हा हिवाळा काढणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. चांगुणाबाई तिला समजवायला गेल्या, तर तिने आधीच बाही वर केली होती. ती घाई त्यांना खुपली, पण लेक जगायला हवी होती.

हिवाळा आला तो सूड घ्यायला आल्यासारखा. जागे लोक रोज कमरेला दोर बांधून शेडशेडमधून फिरत आणि प्रत्येक निजलेल्याला नावाने हाक मारत.

"त्यांना ऐकू येत नाही," डॉक्टर म्हणाले.

"आमाला येतं ना," चांगुणाबाई म्हणाल्या.

जाग्यांपैकी दोघे गेले. निजलेल्यांपैकी एकही नाही. हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही.

बर्फ वितळू लागला आणि खालून आदेश आला. डॉक्टरांनी तो वाचून दाखवला. शिबिरार्थींची प्रकृती उत्तम आहे, कोणाचीही तक्रार नाही, सबब घरं बांधून होईपर्यंत निद्रा चालू ठेवावी.

"शास्त्राच्या दृष्टीने अपाय काही नाही," डॉक्टर खालच्या आवाजात म्हणाले.

चांगुणाबाई हसल्या. "निजलेल्या मानसाचं घर कोन बांधील, डाक्टर?"

त्यांनी कोकणातून आणलेला होडीचा दोर पत्र्याला बांधला. सगळे जागे लोक ओढायला लागले. डॉक्टर जरा वेळ हात बांधून उभे राहिले, मग त्यांनीही दोराला हात घातला. पत्रा करकरत सरकला आणि ऊन आत पडलं. शेडमागून शेड उघडत गेली. माणसं कण्हत, कुशी बदलत उठली, आणि बायका त्यांना गरम पेज पाजत सुटल्या. चांगुणाबाईंना वाटलं, आपण जिंकलो.

जयवंतीने डोळे उघडले. आईकडे पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे.

"आय, मना कशाला उठवलंस?"

चांगुणाबाईंनी पेजेचं भांडं खाली ठेवलं.

"बाल गेलंय ते निजेत आठवत नव्हतं," जयवंती म्हणाली. "मना परत निजव."

आणि ती एकटी नव्हती. दुपारपर्यंत डॉक्टरांच्या दाराशी रांग लागली, बाह्या वर केलेल्या माणसांची. त्या रांगेकडे बघताना डॉक्टरांचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षी आदेशाची गरज पडणार नव्हती. लोक स्वतःच मागायला येणार होते. खाली कोणाला ते आधीच ठाऊक असावं.

चांगुणाबाई पेट्यांच्या खोलीच्या दारात जाऊन बसल्या, पाय लांब करून, कोणाला ओलांडता येऊ नये अशा. रांगेत पहिली जयवंती होती.

"बाजूला सर, आय."

"नाय सरत. माजी नात गेली, ती मीच आठवायची काय येकटीनं? रड. भांड माज्याशी. शिव्या दे मना. पन जागी ऱ्हा."

जयवंतीने आईला पहिली शिवी दिली. चांगुणाबाईंनी मान हलवली आणि दुसरीची वाट पाहिली.