आजीच्या कुरडया आणि गार खोली

नवी खोली तापली, तर शाल्मलीला स्वतःचं दार मिळणार होतं, आतून लावता येणारं. शिवाय आजीच्या घोरण्यातून कायमची सुटका. नाही तापली, तर बाबा तिथे कांदे ठेवणार होते.

"रविवारपर्यंत अठरा अंश," त्यांनी बजावलं होतं. "नाहीतर कांद्यांना थंडी मानवतेच."

मंगळावरच्या या घरात भट्टी एकच. तिथून निघालेलं गरम पाणी प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरमधून (गरम पाणी पोटात घेऊन खोलीला ऊब देणारं लोखंडी उपकरण) फिरायचं आणि परतीच्या नळाने भट्टीकडे यायचं. नळोबा या यंत्रमानवाने भिंत फोडून दोन्ही नळ नव्या खोलीपर्यंत नेले. एकही जोड गळत नव्हता. तरी शनिवारी दुपारी खोली नऊ अंशांवरच अडलेली.

"भट्टी वाढवू?" शाल्मलीने नळोबाला विचारलं.

"वाढव की. आजीबाईंना घामोळं येईल, इथे फारसा फरक पडणार नाही."

मग ती एकेक नळ चाचपत निघाली. भट्टीला सगळ्यांत जवळ आजीचा रेडिएटर. त्यावर धोतराचं फडकं, फडक्यावर कुरडया. मंगळावर वाळवण अंगणात घालता येत नाही, म्हणून आजीने आठ वर्षं रेडिएटरची चावी सताड उघडी ठेवली होती. घरातले नळ तिनेच आखलेले, तेव्हा तिला विचारणार कोण?

शाल्मलीने तिथल्या परतीच्या नळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "नळोबा, हे पाणी गरमच परत चाललंय."

"पाणी आळशी असतं. जिथे रोध (वाटेतली अडवणूक) कमी, तिकडे जास्त धावतं. तुझी खोली शेवटची, वाट लांबची. तुला उरलंसुरलं."

"मग जवळची वाट थोडी अवघड करायची?"

"करायची. पण हे आजीबाईंना तू सांग. मला अजून पुष्कळ वर्षं चालायचंय."

"सांगायला नको, ऐकलं मी," आजी दारातून म्हणाली. "नळ आखणारी मीच, आणि कुरडयांपायी सगळं पाणी ओढणारीही मीच."

"पण आजी, वाळवण?"

"दोनाऐवजी चार दिवसांनी वाळेल. तुला खायची एवढी कसली घाई?" तिने चावी पाऊण बंद केली. स्वयंपाकघराची नळोबाने थोडी आवळली.

रविवारी नवी खोली अठरा अंशांवर पोचली. शाल्मलीने इतर खोल्यांचे तापमापक पाहिले. आजीची दोन अंशांनी उतरली होती, स्वयंपाकघर एकाने.

"गेले तीन, आले नऊ. बाकीचे सहा कुणी दिले?"

"परतीच्या नळाला विचार," आजी म्हणाली.

नळ आता जेमतेम कोमट होता. काही न करता माघारी जाणारी ऊब या खोलीने घेतली होती. वसाहतीतल्या किती घरांतून ती अशीच परत जात असेल, या विचाराने शाल्मलीने नळोबाला लगेच शेजारी पिटाळलं.

बाबांनी कांद्यांच्या जागेचा हट्ट सोडला होता. आजीने दोन अंश दिले, वर दोन दिवस. शाल्मलीला दार मिळालं. ते तिने रात्री उघडंच ठेवलं, आणि आजीचं घोरणं पत्करलं.