पाटाची शेगडी

वलगावच्या गल्लीत कापसाच्या गाडीचं चाक शेगडीला घासून गेलं आणि जयवंता धावत आली, तिनं बैलांचा कासरा धरला. गाडीवाला खाली उतरला. मातीची जुनी शेगडी, कडेचा टवका उडालेला, एक पाय निखळलेला.

"रस्त्यात काहून ठेवली, बाई?"

"मी नाही ठेवली. दादानं फेकली. पन मोडली तुमी."

"भरपाई सांगा."

"भरपाई नको. जोडून द्या."

गाडीवाला हसला. नाव श्रावण. हसताना त्याचे डोळे बारीक व्हायचे… आणि नवरा गेल्यापासून माहेरी मुकाट भाकरी थापणाऱ्या जयवंताला ते नको तितकं आवडलं.

मग अमरावतीच्या प्रत्येक खेपेला त्याची गाडी इथं थांबू लागली. पेढी नदीची चिकणमाती त्यानं आणली, अंगणात बसून दोघांनी मळली. मातीत कापूस कुटून घातला की ती तडकत नाही, हे आईनं शिकवलेलं. पण त्या साली कापसाला सोन्याचा भाव; लोक वाटेवर सांडलेली बोंडंही वेचत. जयवंतानं दादाच्या कापसाच्या गंजीतून सरळ मूठभर ओढला.

"चोरी?" श्रावणनं विचारलं.

"येचला कोनं? मीच."

मातीत बोटांना बोटं लागली — कुणीच काढून घेतली नाहीत.

"शेगडी तडकली नाही त… एक इचारू?" श्रावण म्हणाला.

"अन् तडकली त?"

"तरी इचारीनच."

सावलीत वाळलेल्या शेगडीत तिनं निखारे घातले, वर भरताचं वांगं ठेवलं. शेगडी तडकली नाही.

"माह्यासंगं पाट लावता?" श्रावणनं हळूच विचारलं, आणि नेमके तिचे दादा, किसनराव, दारात उभे.

कापसाच्या पैशानं किसनरावांच्या डोक्यावर जरीचा फेटा आला होता आणि फेट्याखाली नवं खूळ. मोठ्या घरच्या विधवा म्हणे पाट लावून दुसरा घरोबा करत नाहीत.

"पाटाचं नाव या घरात काढायचं नाही. लोक थुकतील."

"दादा, ही शेगडी घेऊन आई या घरात आली, तवा ती विधवाच होती ना? बाबानं तिच्याशी पाट लावला. आपन दोघं त्याच पाटाची लेकरं. शेगडी फेकली म्हनून ते पुसल्या जाते काय?"

किसनरावांनी उगाच फेटा सावरला. म्हणाले, "लाव मंग. पन रातच्याले. कोनाले दिसू नको."

पाट रात्रीच लागायचा, अंधारात, नव्या जोडप्याचं तोंड कुणी पाहू नये म्हणून.

"आई रातची आली होती, तोंड झाकून," जयवंता म्हणाली. "मी दिवसा जाईन." मग श्रावणकडे वळली. "चालते?"

"बरंच झालं. माहे बैल रातचे बिचकतात."

बाजाराच्या दिवशी, भर दुपारी पाट लागला आणि श्रावणची गाडी गल्लीतून निघाली. जयवंता पुढेच बसली होती, मांडीवर आईची शेगडी घेऊन. दारादारांतून लोक पाहत होते. तिनं पदर पुढे ओढला नाही.