कॅरिगच्या टोकावरचा काळोख

हे माझ्याच बाबतीत घडलंय. ऐकीव नाही, शेजारणीच्या जावेच्या बहिणीचं नाही. पटलं तर बघा, नाही पटलं तर माझं काही बिघडत नाही.

फक्त वाचताना हसू नका. यात माझी आई आहे.

गेल्या वर्षीची २८ नोव्हेंबर. सोमवार. अमावास्येच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ. जागा म्हणजे आयर्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, केरी परगण्यात, आमच्या गावाबाहेरचं कॅरिगचं टोक.

मी गॉबनेट. वय अठ्ठेचाळीस. शाळेची मिनीबस चालवते आणि घरातल्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देते. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर वेड्यात काढत आले.

सगळं सुरू झालं मास्तरांपासून. फिनबार मास्तरांनी मला शाळेत शिकवलं. आता निवृत्त झालेत, तर अख्ख्या गावाला शिकवतात. हिवाळ्यात गावात चिटपाखरू फिरकत नाही, पण तारे बघायला लोक म्हणे कुठून कुठून येतात. तेव्हा आपण चांगल्या काळोख्या जागा शोधायच्या, यादी करायची आणि तिथे उताणं पडायला बाकं टाकायची, असं त्यांच्या डोक्यात आलं. माझ्या खोल्या तेव्हा रिकाम्याच असतात. मी लगेच हो म्हटलं.

मास्तरांकडे काळोख मोजायचं यंत्र होतं. मुठीत मावेल एवढं. आकाशाकडे धरून बटण दाबलं की आकडा येतो. आकडा जितका मोठा, तितका काळोख दाट. प्रत्येक जागी तीन वेगवेगळ्या रात्री मोजायचं, असा त्यांचा नियम.

धक्क्यावर मोजलं, तर बर्फाच्या कारखान्याचा दिवा आड आला. पुळणीवर मोजलं, तर वळणावरच्या गाड्यांचा उजेड थेट डोळ्यांत. चर्चमागे मोजायला गेलो आणि नेमका फादरांनी न्हाणीघरातला दिवा लावला. या माणसाला जगाला उजेड दाखवायला हीच वेळ सापडली, असं म्हणत मास्तर अर्धा तास धुसफुसत होते.

मग कॅरिगचं टोक.

२१.८. बाविसाच्या वर आकडा जातच नाही, असं मास्तर म्हणाले.

मास्तरांनी तीनदा बटण दाबलं. तीनदा तेच.

एक घर नाही. एक खांब नाही. एक पडकी दगडी भिंत, आत गवत आणि गवतात गुडघ्याएवढे दगड. समुद्राकाठची इतकी चांगली जमीन, पण कुणी घर बांधलेलं नाही, गुरं सोडलेली नाहीत, बटाटेसुद्धा लावलेले नाहीत. का, ते आमच्या डोक्यात आलंच नाही. मास्तर मूळचे कॉर्क शहराचे. आणि आमच्या पिढीला कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

मी तर दोन दगडांच्या मधे सतरंजी टाकून आरामात पडले होते.

तिथे दोन रात्री मोजून झालं. तिसरी सोमवारी करायची होती. आदल्या दिवशी, रविवारी, जेवताना मी हे आईला सांगितलं. माझी आई, हॅना, अठ्ठ्याहत्तर वर्षांची. माझ्याकडेच राहायची. वसंत बघेलसं वाटत नाही, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, आणि तिला ते माहीत होतं.

तिने काटा खाली ठेवला.

"कॅरिगला कुठे? भिंतीच्या आत?"

"हो. का गं?"

"तू तिथे आडवी पडतेस?"

"तारे बघायला आडवंच पडावं लागतं, आई."

"कुणावर पडतेस, माहीत आहे का तुला?"

मी ताट बाजूला सारलं.

मग ती बोलली. छप्पन्न वर्षं जे बोलली नव्हती, ते बटाटे गार होईपर्यंत सांगून मोकळी झाली.

माझ्या आधी एक मुलगा झाला होता. जानेवारी १९६१. अर्धा तास जगला. फादर पोचायच्या आधीच गेला, म्हणून बाप्तिस्मा राहिला. आणि बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला तेव्हा चर्चच्या आवारात पुरायला जागा नव्हती. अशी बाळं कॅरिगला न्यायची. बापाने एकट्याने न्यायची, काळोख पडल्यावर, कंदील न घेता. कुणी बघायचं नाही, कुणी विचारायचं नाही.

माझ्या वडिलांनी, मर्टींनी, दुकानातून संत्र्यांचं खोकं आणलं. त्यात बाळाला ठेवलं आणि गेले. पहाटे परत आले, हात धुतले आणि गाईचं दूध काढायला बसले.

बाळाला कुठे ठेवलं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही. आईने विषय काढला की टोपी उचलून घराबाहेर पडायचे. बावीस वर्षांपूर्वी वारले आणि ते सोबत घेऊन गेले.

ती आयुष्यात एकदाही तिकडे गेली नव्हती.

"जाऊन करू काय? शंभर दगड असतील तिथे," ती म्हणाली. "कुठल्या दगडाशी बोलू? जायच्या आधी तेवढं कळलं असतं, तर बरं झालं असतं गं."

त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. वडिलांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

सोमवारी मास्तरांची कंबर धरली. तिसरं मोजमाप माझ्यावर आलं. खरं तर त्या जागेचं नाव यादीतून काढायचं मी ठरवलंच होतं, जायची काही गरज नव्हती. तरी मी कोट चढवला. घरात बसवेना.

आई दारापर्यंत आली.

"तुझे बाबा भेटले तर विचार," ती म्हणाली. "म्हणावं, हॅना विचारतेय."

वयाने होतं असं, म्हणून मी मान हलवली आणि निघाले.

सात वाजले होते. आमच्याकडे तेव्हा सहालाच मिट्ट होतं. गाडी रस्त्यावर ठेवून मी भिंतीच्या आत आले. आडवी पडायची हिंमत झाली नाही. भिंतीला टेकून बसले.

आकाश नुसतं खचाखच भरलं होतं. क्षितिजापर्यंत तारे. खाली लाटा आपटत होत्या.

आणि मग...

लाटा थांबल्या.

म्हणजे समुद्र तिथेच होता. वारा गालाला लागत होता. फक्त आवाज नव्हता.

मी कानात बोट घालून हलवलं. काही नाही.

मग...

खच्च.

फावडं जमिनीत गेल्याचा आवाज. शेतकऱ्याची मुलगी आहे मी, दुसरं काही वाटणं शक्य नाही. मग माती पडल्याचा आवाज. मग परत खच्च.

माझ्यापासून वीस पावलांवर. समुद्राच्या बाजूला.

दिसत काहीच नव्हतं. पण क्षितिजाजवळचे तारे विझत होते आणि परत लागत होते. कुणीतरी वाकत होतं. सरळ होत होतं. वाकत होतं.

माणसाएवढी जागा होती ती. तिच्यात तारे नव्हते.

"कोण आहे?" मी विचारलं.

खच्च.

पळावं असं शंभरदा वाटलं. पण डोळ्यांसमोर सारखी दारातली आई येत होती. परत गेले की ती विचारणार होती. मी तिला काय सांगणार होते?

"बाबा," मी म्हटलं. "हॅना विचारतेय. बाळ कुठे ठेवलंत?"

फावडं थांबलं.

तो आकार सरळ झाला. माझ्याकडे वळला की नाही, देव जाणे. काळोखाला तोंड आणि पाठ सारखीच. पण खणणं थांबलं होतं, आणि कुणीतरी श्वास घेत होतं. खणून दमलेल्या माणसाचा श्वास.

मग लाकूड दगडाला घासल्याचा बारीक आवाज आला...

मग माती. हळूहळू, हाताने लोटल्यासारखी.

मग पावलं माझ्या अगदी जवळून गेली. ओल्या लोकरीचा वास आला. भिंतीपाशी विरला. आणि समुद्राचा आवाज असा एकदम परत आला की मी किंचाळलेच.

मी रांगत तिथवर गेले. जमीन चाचपली. गवत कोरडं, मुळं घट्ट. एक ढेकूळसुद्धा हललं नव्हतं.

डोक्यावरची टोपी काढली आणि तिथे दगडाखाली खोचून ठेवली.

सकाळी आईला गाडीने नेलं. भिंतीपासून तिला जवळजवळ उचलूनच न्यावं लागलं. टोपी जागेवर होती. आई तिथे बसली आणि गवतावरून हात फिरवत राहिली, झोपलेल्या मुलाच्या केसांतून फिरवतात तसा.

"हाच ना गं? नक्की?"

"नक्की."

"बाबाच होते?"

"बाबाच होते, आई."

"डेक्लन," ती गवताला म्हणाली. तिने त्याला नाव ठेवलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मला फार रडू आलं.

त्यानंतर पाऊस असो, वारा असो, मी तिला रोज नेत होते. ती त्याच्याशी गप्पा मारायची. माझ्या कागाळ्याही सांगायची. जेवायला लागली, गालांवर रंग आला. आम्ही तिथे एक छोटा दगड बसवला, नाव कोरून. मास्तरांनी यादीतून कॅरिग खोडलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

फेब्रुवारीच्या पाच तारखेला आई गेली. शांतपणे, झोपेत. इतकं सुखाचं मरण मी पाहिलेलं नाही.

इथे थांबायला हवं होतं मी.

पण २६ फेब्रुवारीला, अमावास्येला, मी परत तिकडे गेले. बाबांना सांगायला, की तिला कळलं, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. आठ वाजता भिंतीच्या आत पोचले. भीती वाटत नव्हती. आपल्याच माणसाची कसली भीती?

लाटा थांबल्या...

खच्च.

मी हसले. अंधारात एकटी हसले.

मग लक्षात आलं. आवाज डेक्लनच्या दगडाकडून येत नव्हता. डावीकडच्या कोपऱ्यातून येत होता.

खच्च.

आणि आता उजवीकडून.

मग माझ्या मागे, भिंतीलगत. मग खाली, कड्यापाशी. एकाचं फावडं भरभर चालत होतं. एक मधेच थांबून हुंदके देत होता. सगळ्या क्षितिजावर तारे विझत होते, लागत होते. किती होते, मी मोजू शकले नाही.

डेक्लनच्या दगडापाशी कुणीच नव्हतं.

"बाबा," मी म्हटलं. "यांतले तुम्ही कोणते? हॅना विचारत होती, बाळ कुठे..."

सगळी फावडी एकदम थांबली.

सगळी.

गाडीपर्यंत कशी आले, आठवत नाही. गुडघे फुटले होते, एवढं घरी आल्यावर दिसलं.

त्या सोमवारी मी जो पाहिला, तो कोण होता? कुणाच्या बाळाशी माझी आई सव्वादोन महिने बोलत होती? आणि डेक्लन कुठे आहे? त्याच्याशी अजून कुणीच बोललेलं नाही, हा विचार आला की मला जेवण जात नाही.

हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. आज लिहितेय, कारण काल किटी आली होती. वरच्या वाडीतली, ब्याऐंशी वर्षांची, माझ्या आईची मैत्रीण. हातात काठी, अंगावर चर्चला जायचा चांगला कोट. चहा नको म्हणाली. उभ्या उभ्याच बोलली.

"तू हॅनाला दाखवलंस. माझी दोन आहेत तिथे. मुली. मला दाखवशील?"

मी तिला सगळं खरं सांगायला तोंड उघडलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. आई बघायची, तशीच.

हो म्हटलं मी.

मंगळवारी अमावास्या आहे. किटी म्हणाली, तिच्या शेजारणीलाही तिच्या बाळाचं विचारायचंय.