हरेशचं गाऱ्हाणं

"अहो, पाय काढा तो आधी!" मी ओरडलेच. कोयीतून उगवलेल्या रोपांवर बांधलेल्या माझ्या नव्या कोयकलमांच्या वाफ्यात एक उंच माणूस खुशाल उभा, आणि वर हसतोय! असेल कुणी मुंबईचा पाहुणा, म्हणून मी त्याला चांगलंच झापलं. त्याने हळूच पाय उचलला.

"चुकला माजा, बाय. मी मॉरिशसवरना आलो."

मी थक्क. समुद्रापलीकडचा माणूस, आणि बोलतो माझ्या आजोबांसारखा!

हरेश रामजी त्याचं नाव. त्याचे पणजोबा आमच्या रत्नागिरीतूनच उसाच्या मळ्यांवर गेलेले. चौऱ्याऐंशीचा अख्खा पावसाळा तो मी शिकवायचे त्या कृषी विद्यालयात शिकवणार होता, आणि पुढल्या वर्षी मी त्याच्या शाळेत जाऊन त्याच्यासोबत आंब्याची कलमं शिकवायची होती. वर्गात मी काप घ्यायचे, तो पट्टी बांधायचा... बोटाला बोट लागलं की दोघंही एकदम बाहेरच्या पावसाकडे बघायचो. पोरं फिदीफिदी हसायची.

माझी कलमं इतकी जगतात कशी, असं त्याने एकदा विचारलं. म्हटलं, घट्ट बांधते आणि मग सारखी उकरून बघत नाही.

"मंग मीपन गप ऱ्हातो, सगुणे," तो म्हणाला.

आणि मेला खरंच गप्प राहिला! इकडे मी प्रेमात पार बुडालेली. त्यात आबांनी, माझ्या वडिलांनी, घरी ठणकावलं — लग्नाशिवाय पोर समुद्रापार जाणार नाही. म्हणजे शिकवणंही गेलं, आणि तोही.

तो निघायच्या आदल्या दिवशी आबांनीच रीतीप्रमाणे ग्रामदेव भैरीच्या देवळात त्याच्यासाठी गाऱ्हाणं घालायला लावलं. गुरव देवाला मोठ्याने विनवतो, आणि दर मागण्याला जमलेले सगळे पुरुष "होय महाराजा" म्हणतात. प्रवास सुखाचा होऊ दे — होय महाराजा. घरची माणसं खुशाल असू देत — होय महाराजा. मग गुरवाने विचारलं, पाहुण्यांचं काही मागणं? हरेश पुढे झाला. हात जोडले.

"देवा, सगुणेला माजी बायको करून माज्या मुलखात शिकवायला यव दे... तिची मर्जी आसंल तर."

"होय महाराजा!" सगळं देऊळ गरजलं. आबा सवयीने सगळ्यांत मोठ्याने.

आणि मग... आबांचा आ वासलेलाच. शेजारच्या ठमाकाकूंच्या हातातला नारळ गडगडत गेला.

आबा गुरवावर धावले, म्हणाले, हे मागणं काढून टाक. गुरव शांतच. देवापुढे तुम्हीच होय म्हणालात महिपतदादा, आता मी काय करू?

"पन पोर कुठा म्हनली होय?" आबा कडाडले.

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. गाऱ्हाण्यात आमच्याकडे बायका कधी तोंड उघडत नाहीत. हरेशच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या होत्या, आणि हात अजून जोडलेलेच होते.

"होय महाराजा," मी म्हणाले. एकटीच. आणि तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.